खळ्यावरची कपात आणि तिची पावती

फेब्रुवारीचा पगार होण्याची वेळ आली की आमच्या शिक्षकवर्गात दरसाल एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा किती कापला?" कोणी सांगतो निम्मा गेला, कोणी सांगतो सगळाच गेला, आणि कोणी नुसता कपाळाला हात लावतो. पारावर बसलेले शेतकरी हे ऐकतात आणि मनात म्हणतात की, मास्तरास दरमहा बिनघोर पगार मिळतो, पाऊस पडो वा न पडो त्याचे पीक ठरलेले, मग ह्याने रडावे कशाला? त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्याचा कापूस बोंडअळीने खाल्ला आणि सोयाबीन पाण्यात कुजले, त्याने दुसऱ्याच्या पगारातील कपातीवर अश्रू गाळावेत असे आम्ही तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

पण मास्तरांचे रडगाणे गाण्यासाठी हा विषय आम्ही काढलेला नाही. आमच्या बीड जिल्ह्यात आता असे घर विरळा की ज्यातील एखादा मुलगा, पुतण्या किंवा जावई पगारावर नाही. कोणी पोलिसात आहे, कोणी एस. टी. त कंडक्टर आहे, कोणी चाकणला, भोसरीला, वाळूजला कंत्राटदाराच्या हाताखाली यंत्रावर उभा आहे. कोणाची मुलगी खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते. ह्या सर्वांच्या मजुरीतून महिन्याच्या महिन्याला काही तरी कापले जाते. ते काय, कोणाच्या हुकुमाने, आणि कोठे जाते, हे विचारले तर मुलगा म्हणतो, "टॅक्स असतो, बाबा." बाप म्हणतो, "असंल." आणि तेथेच चौकशी संपते. मेंढराच्या बाजारात दोन रुपयांसाठी तासभर हुज्जत घालणारा आमचा माणूस 'टॅक्स' हा शब्द ऐकताच गप्प बसतो, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

वास्तविक पगारातून कर कापणे म्हणजे काय, हे समजण्यास आमच्या लोकांना कोणा वकिलाची गरज नाही. ज्यांनी जुने खळे पाहिले आहे, किंवा आजोबांकडून ऐकले आहे, त्यांस ते पुरे. रास पडली की पोती घराकडे निघण्याआधी सुताराचे, लोहाराचे, कुंभाराचे, न्हाव्याचे बलुते खळ्यावरच निघत असे. सावकारही नेमका त्याच दिवशी खळ्याच्या कडेला येऊन उभा राही, कारण धान्य एकदा कणगीत गेले की कुणब्याच्या घरातील दहा तोंडे त्यावर हक्क सांगतात हे तो जाणून होता. सरकारनेही तेच शहाणपण उचलले. पगार घरी जाऊ द्यावा आणि मग वर्षअखेर कर मागण्यास शिपाई पाठवावा, त्यापेक्षा पगार देणाऱ्यालाच सांगावे की, आमचा वाटा रास मोजतानाच बाजूला काढ. उगमस्थानी करकपात, ज्याला लोक टीडीएस म्हणतात, ती एवढीच गोष्ट आहे.

ही युक्ती आजची नाही. १८५७ च्या उठावात इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी झाली, ती भरण्यासाठी १८६० साली जेम्स विल्सन ह्या गृहस्थाने हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. १९२२ च्या कायद्यात पगार देणाऱ्याने पगार देतेवेळीच कर कापावा असे कलम होते. जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली मजुरीतून कर कापण्याची रीत पडली. अमेरिकेत १९४३ साली आणि इंग्लंडात १९४४ साली, दुसरे महायुद्ध ऐन भरात असता, हीच रीत सर्व कामगारांस लागू झाली. लढाईला पैसा रोज लागतो, वर्षअखेरीची वाट पाहवत नाही. आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये गेली आणि हिंदुस्थानचा प्राप्तिकराचा कायदा आमच्याकडे १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. तेव्हा पगारातील कपात ही आमच्या जिल्ह्यास तशी दोन-तीन पिढ्यांचीच ओळख. सारा आणि पट्टी ह्यांची ओळख मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि म्हणूनच साऱ्याची पावती मागावी हे आमच्या अडाणी आजीलाही ठाऊक होते. पगारातील कपातीची पावती मागावी, हे तिच्या बारावी शिकलेल्या पणतवाला ठाऊक नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मालक जो कर कापतो त्या पैशाचा तो धनी नव्हे. तो केवळ हमाल आहे. नोकराच्या राशीतून उचललेले पोते सरकारच्या कोठारात नेऊन टाकणे, एवढेच त्याचे काम. हे पोते त्याने स्वतःच्या घरी उतरवू नये, वाटेत त्यातील चार पायल्या विकू नयेत. खासगी मालकाने कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारात भरला पाहिजे. मार्चचा असेल तर ३० एप्रिलपर्यंत. उशीर केला तर महिन्याला दीड टक्का व्याज त्याने स्वतःच्या खिशातून द्यावे. कापून भरलाच नाही, तर १९६१ च्या कायद्यात तीन महिने ते सात वर्षे सक्तमजुरीची शिक्षा सांगितलेली होती. त्या कायद्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा संमत झाला असून त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरली. कलमांचे आकडे बदलले, हमालाचे काम तेच राहिले.

मग हा कर कोणाच्या पगारातून कापावा? येथेच आमच्या लोकांची मोठी फसगत होते. २०२५-२६ ह्या वर्षासाठी नव्या पद्धतीने ज्या पगारदाराचा वर्षाचा पगार १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे, त्यास प्राप्तिकर शून्य पडतो. जुनी पद्धत निवडली तरी ५ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर पडत नाही. म्हणजे महिन्याला चौदा, सोळा, वीस हजार मिळविणाऱ्या कामगाराच्या मजुरीतून प्राप्तिकराच्या नावाने एक रुपयाही कापण्याचा कोणास अधिकार नाही.

आमच्या ओळखीच्या एका सुताराच्या घरची हकीकत सांगतो. बाप अजून वखर-पाभर दुरुस्त करतो, मुलगा पुण्याजवळ एका कंत्राटदाराकडे कामास आहे, पगार चौदा हजार. मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याने हाताने लिहिलेली चिठ्ठी दाखविली. त्यात पी. एफ. होता, ई. एस. आय. होता, ते ठीक. ते कर नव्हेत, त्याच्याच म्हातारपणाची आणि दवाखान्याची तरतूद. पण खाली एक ओळ होती : 'टॅक्स ५००'. कसला टॅक्स? मुलास ठाऊक नाही. चौदा हजारांवर वर्षाला १ लाख ६८ हजार होतात. त्यावर प्राप्तिकराचा वाराही लागत नाही. लागतो तो व्यवसाय कर, आणि तो महिन्याला २०० रुपये. उरलेले ३०० रुपये कोणत्या सरकारात जमा झाले? त्या कंत्राटदाराच्या हाताखाली अशी पन्नास पोरे असतील तर महिन्याला पंधरा हजार आणि वर्षाला १ लाख ८० हजार रुपये झाले. दरोडेखोरास निदान रात्री जागावे तरी लागते. मुलाने पुढच्या महिन्यात नुसते विचारले, "साहेब, ह्या ५०० ची पावती मिळेल का?" त्या महिन्यापासून चिठ्ठीत २०० येऊ लागले. मागचे पैसे मिळाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

ह्या २०० रुपयांबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण त्यांचा संबंध आमच्या जिल्ह्याच्या हाडामांसाशी आहे. महाराष्ट्रात व्यवसाय कर आला तो १९७५ च्या कायद्याने. तो कशासाठी आला, हे आज तो भरणाऱ्या शंभरांतील पाचांनाही ठाऊक नसेल. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडे विहिरी तळाला गेल्या, जनावरे छावणीला किंवा खाटकाकडे गेली, आणि बायाबापड्या खडी फोडण्यास बसल्या. मिलो नावाची लाल ज्वारी खाल्लेली माणसे आमच्या गावात अजून आहेत. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्यास काम द्यायचे तर पैसा पाहिजे. तो आणावा कोठून? तेव्हा असे ठरले की शहरात ज्याला दरमहा पगार आहे त्याच्या पगारातून मालकाने थोडा कर कापावा, तो हमीच्या कामास लावावा, आणि जितका कर जमेल तितकीच भर राज्य सरकारने आपल्या पदरची घालावी.

म्हणजे मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या आणि गिरणीकामगाराच्या पगारातून कापलेले रुपये आष्टी-पाटोद्याच्या माळावर पाझर तलावाच्या भरावात, नालाबंडिंगात आणि रस्त्याच्या खडीत पडत होते, आणि त्यातून आमच्या आयांची चूल पेटत होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी गाऱ्हाणे मांडले होते की, सरकारचे उत्पन्न रयतेच्या कष्टातून येते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाच्या घरात जातो. त्या काळापासून पैशाची वाट खेड्याकडून शहराकडेच होती. शहरातील पगाराला चिमटा घेऊन तो पैसा उलटा खेड्यात पाठविण्याचे असे काम फार थोड्या वेळा झाले आहे. योजनेत खोटी हजेरीपत्रके झाली, मुकादमांनी टक्का खाल्ला, हे आम्हांस मान्य आहे. पण त्या पैशाने माणसे जगली हे कोणी नाकारू नये. पुढे २००५ साली केंद्र सरकारने रोजगार हमीचा कायदा देशभर केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यासमोर होता. म्हणून 'कर म्हणजे चोरी' असे म्हणणाऱ्या आमच्या तरुण नोकरदारांस आम्ही सांगतो की, बाबा, तुझ्या आजीने जी खडी फोडली तिची मजुरी कोणाच्या तरी पगारातील कपातीतून आली होती.

परंतु ह्याच कारणाने त्या कपातीतील एक रुपयाही वाटेत गळता कामा नये. व्यवसाय कराचा हिशेब सोपा आहे, पाठ करून ठेवावा. महिन्याला ७,५०० पर्यंत पगार असेल तर काही नाही. ७,५०१ पासून १०,००० पर्यंत १७५ रुपये. त्यावर २०० रुपये, आणि फेब्रुवारीत तेवढे ३००. फेब्रुवारीत शंभर जास्त का, असे आम्हांस पुष्कळ लोक विचारतात. त्याचे कारण असे की, घटनेने ह्या कराला वर्षाची मर्यादा घातली आहे. आधी ती २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. अकरा महिने दोनशेप्रमाणे २,२०० आणि वरचे ३०० मिळून बरोबर २,५०० भरतात. दुसरी गोष्ट, १ एप्रिल २०२३ पासून स्त्रियांच्या पगारास २५,००० पर्यंत हा कर माफ आहे. तरी दवाखान्यात, कापडाच्या दुकानात, शाळेत आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या आमच्या लेकींच्या चिठ्ठीवर २०० ची ओळ आहे की नाही, हे बापांनी एकदा डोळ्यांनी पाहावे.

सरकारी कचेऱ्यांचा दोष वेगळ्या प्रकारचा आहे. तेथे पैसा खिशात जात नाही. तेथे आळस आहे. कायदा सांगतो की पगार देणाऱ्याने वर्षाच्या आरंभीच वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधावा आणि पडणारा कर महिन्यांवर सारखा वाटून कापावा. समजा एखाद्या मुख्याध्यापकाचा पगार १ लाख १५ हजार आहे. वर्षाचे १३ लाख ८० हजार झाले. त्यातून ७५ हजारांची ठरलेली वजावट गेली की १३ लाख ५ हजार उरतात, आणि २०२५-२६ च्या नव्या पद्धतीने त्यावर उपकरासह ७८,७८० रुपये कर होतो. दरमहा ६,५६५ कापले तर घरास त्याचा फारसा चटका बसत नाही. पण पुष्कळ ठिकाणी दहा महिने कोणी कागद हालवीत नाही आणि जानेवारी-फेब्रुवारीत एकदम ३९,३९० प्रमाणे दोन घास तोडतात. त्याच दिवसांत मुलीच्या लग्नाची सुपारी फुटलेली असते, मुलाच्या परीक्षेची फी भरायची असते. मग हा पगारदार मास्तर पतसंस्थेच्या दारात उभा राहतो आणि सरकारचा कर भरण्यासाठी कर्ज काढतो! आहरण व संवितरण अधिकारी हे लांबलचक नाव ज्यांच्या टेबलावर आहे, त्यांनी एप्रिलमध्ये एक दिवस बसून ही आकडेमोड केली तर शेकडो घरांची ही दरसालची ओढाताण थांबेल. आणि शिक्षकांनीही आपण जुन्या पद्धतीने जाणार की नव्या, हे एप्रिलमध्येच लेखी द्यावे. न दिल्यास नवी पद्धत धरली जाते, मग फेब्रुवारीत विम्याच्या पावत्या घेऊन धावण्यात अर्थ नाही.

कापलेला पैसा भरला, पण तो कोणाच्या नावावर भरला, हा तिसरा घोळ. आमच्या एका सहकाऱ्याच्या पॅन क्रमांकातील एक अक्षर कोणत्या तरी संगणकावर चुकीचे टंकले गेले. पैसे सरकारात गेले, पण ह्याच्या खात्यावर काहीच नाही. उलट वर्षाने ह्यालाच नोटीस आली की, तुम्ही कर बुडविला आहे. गृहस्थ घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरण्यास निघाला होता. अशा वेळी काय करावे, हे सर्वांनी समजून घ्यावे. मालकाने पगारातून कर कापला असेल, तर तो त्याने भरला नाही म्हणून तोच कर नोकराकडे पुन्हा मागता येत नाही. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी २०५ वे कलम होते, आणि २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका नोकरदाराच्या प्रकरणात हेच स्पष्ट सांगितले. पुढे २०१५ व २०१६ साली प्रत्यक्ष कर मंडळानेही आपल्या अधिकाऱ्यांस कळविले की, अशा माणसाकडून सक्तीने वसुली करू नका. पण न्यायालय आणि मंडळ काही म्हणो, कर कापला गेला होता हे दाखविण्यास नोकराजवळ कागद पाहिजे. पगाराची चिठ्ठी पाहिजे, बँकेत कमी पगार जमा झाल्याची नोंद पाहिजे. आमच्या सहकाऱ्याने बारा महिन्यांच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या म्हणून तो सुटला. कचेरीने दुरुस्तीचे पत्रक भरण्यास आठ महिने लावले ते लावलेच.

हे टाळण्याचा उपाय फुकट आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ज्याच्या त्याच्या पॅनवर किती कर जमा झाला ह्याचा उतारा पाहावयास मिळतो. सातबारा काढता तसाच तो काढावा; वर्षातून चार वेळा काढावा. आणि जूनमध्ये मालकाकडून वार्षिक दाखला मागून घ्यावा, ज्याला लोक फॉर्म १६ म्हणत आले आहेत. तो खात्याच्या संकेतस्थळावरून उतरविलेला असला पाहिजे. मालकाने घरच्या यंत्रावर छापून शिक्का मारून दिलेला कागद कामाचा नाही. हा दाखला देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. काही ठिकाणी त्यासाठी दर शिक्षकामागे चारशे-पाचशे रुपये वर्गणी गोळा होते, असे आम्ही पाहतो. हमालाने पोते पोहोचविल्याची पावती देण्यासाठी धन्याकडूनच हमाली घ्यावी, असला हा प्रकार आहे.

तालुक्याच्या गावी आणखी एक जात निपजली आहे. 'रिफंड काढून देतो, निम्मा आमचा,' असे म्हणणारे दुकानदार. नसलेले घरभाडे, नसलेली देणगी, नसलेले आजारपण लिहून ते परतावा मिळवितात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशांच्या देशभरातील सुमारे दीडशे ठिकाणांवर छापे घातले. दुकानदार आपला टक्का घेऊन पसार होतो आणि सही करणारा पोलीस किंवा मास्तर व्याजासह भरत बसतो. खरा परतावा मिळण्यास खोटे लिहावे लागत नाही. ज्याचा कर चुकून किंवा जास्त कापला गेला आहे त्याने वेळेत विवरणपत्र भरले की पैसे थेट बँकेत येतात. पगारदाराची मुदत साधारणपणे ३१ जुलै असते.

आणि आमच्यासारख्या मास्तरांनीही थोडे कान धरावेत. सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकविताना एका व्यापाऱ्याने शंभर खुर्च्या घेतल्या आणि वीस विकल्या, असली गणिते आम्ही घालतो. ज्या मुलाचा बाप ऊसतोडीला आणि भाऊ चाकणला आहे, त्यास त्या व्यापाऱ्याच्या खुर्च्यांशी काय कर्तव्य? भावाची पगारचिठ्ठी फळ्यावर लिहावी आणि विचारावे, ह्यातील कोणती ओळ बरोबर आणि कोणती चूक? कुळकर्ण्याचे दप्तर आमच्या लोकांस वाचता येत नव्हते म्हणून काय काय झाले, ते आमच्या वाचकांस नव्याने सांगणे नको.

ऊसतोडीचे नाव निघाले आहे तर तिकडेही पाहू. आमच्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, केज ह्या भागातून दिवाळीनंतर हजारो कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. ह्या मजुरास प्राप्तिकर नाही, व्यवसाय कराची चिठ्ठी नाही. म्हणून कपातीशी आपला संबंध नाही असे त्यास वाटते. पण तोडणीचे बिल निघते ते मुकादमाच्या नावे, आणि ठेकेदारास दिलेल्या पैशावर कारखाना कर कापून घेतो. एकट्या माणसाच्या नावावर असेल तर शेकडा १ रुपया. ट्रॅक्टरमालकाचेही तेच. आठ लाखांचे बिल असेल तर ८,००० कापले जातात. पण पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्यामुळे पॅन निकामी झाला असेल, तर दर शेकडा २० होतो आणि त्याच आठ लाखांतून १ लाख ६० हजार जातात! ट्रॅक्टरचा हप्ता, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार वजा जाता ज्याच्या हाती दोन-अडीच लाखही उरत नाहीत, त्याचा हा कर वास्तविक परत मिळण्याजोगा असतो. पण विवरणपत्र भरलेच नाही तर तो सरकारातच राहतो. आमच्या पाहण्यातील कित्येक ट्रॅक्टरवाल्यांनी आजवर तो मागितलेला नाही. पॅन आणि आधार जोडण्याचा दंड १,००० रुपये आहे. तो भरून आधी ते काम उरकावे.

मुकादमाच्या बिलातून कापलेला तो शेकडा १ रुपया मुकादम आपल्या कमिशनातून सोसतो की कोयत्यांच्या माथी मारतो, हे कळण्यास कोयत्याजवळ काही साधन नाही. तेथे चिठ्ठीच नाही. आहे ती मुकादमाची वही. जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि संघटना ह्यांच्यात करार होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि मुकादमाचे कमिशन एक टक्का वाढले. ती वाढ कोयत्याच्या हिशेबात किती उतरली, हे त्या वहीतच पाहावे लागते. उचल किती दिली, खाडे किती धरले, खाड्याचे किती कापले, आजारी बायकोला दवाखान्यात नेले त्या दिवसाचा दंड किती, हे सर्व त्या वहीत एकाच्याच हाताने लिहिले जाते. १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरीतून काय कापावे आणि काय कापू नये ह्याची यादी केली होती. त्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. कर, दंड, उचल, सर्व मिळून निम्म्याहून अधिक मजुरी कापता येत नाही, आणि मजुरास पगारचिठ्ठी दिलीच पाहिजे, असे तीत आहे. पट्टा पडून गावी परतलेल्या कोयत्यास विचारा, सहा महिने राबून अंगावर उलट किती फिरले? निम्म्याचा कायदा त्याच्या बाबतीत कोणत्या गावी राहतो?

पुढच्या हंगामाची उचल श्रावणापासून वाटली जाऊ लागते. ज्या दिवशी मुकादम पैसे मोजून अंगठा घेतो, त्याच दिवशी घरातील वाचता येणाऱ्या मुलीने किंवा सुनेने त्याच्या वहीतील आकडा आपल्या वहीत उतरवून त्याखाली त्याची सही घ्यावी. पुढे फडात दर पंधरवड्यास टनाचा आकडा, खाडा आणि कपात तिनेच लिहावी. मुकादम सही देण्यास नाखूष दिसला, तर मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. एवढे करण्यास कारखान्याची किंवा सरकारची परवानगी लागत नाही.